‘समिती जबाबदार राहणार नाही’

जत्रेच्या मैदानाचे हँडबिल हाती घ्यावे, तर माथ्यावर ग्रामदैवताचे नाव असते, मध्ये जोड्यांची व इनामांची यादी असते, आणि अगदी तळाशी, बारीक टाइपात, एक वाक्य असते : ‘खेळताना दुखापत झाल्यास समिती जबाबदार राहणार नाही.’ बेळगाव-खानापूरकडील कुस्त्यांचे मैदान असो, कबड्डीचे सामने असोत, की आमच्या गोव्यातील उत्सवी फुटबॉल असो, हे वाक्य सहसा चुकत नाही. देवाच्या नावाने आरंभ करून जबाबदारी झटकून शेवट करणारी ही पत्रिका आपण वर्षानुवर्षे छापीत आलो आहोत, आणि तिच्यात काही विपरीत आहे असे आपणांपैकी फारसे कोणास वाटल्याचे दिसत नाही. प्रस्तुत लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

मल्ल जायबंदी होतो तेव्हा काय घडते, हे मैदान पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पटात शिरताना पाय मातीत रुततो, वरचे अंग वळते आणि गुडघा मात्र वळत नाही. हलगी क्षणभर थांबते. चारसहा जण त्याला उचलून कडेला आणतात. कोणी पाणी मारतो, कोणी पाय ओढून ‘जागेवर बसवतो’. ध्वनिक्षेपकावरून त्याच्या जिद्दीची स्तुती होते, अध्यक्ष त्याच्या हाती श्रीफळ आणि थोडी रक्कम ठेवतात, टाळ्या पडतात, आणि हलगी पुन्हा वाजू लागते. मराठीत ‘नारळ देणे’ या शब्दप्रयोगाला एक दुसराही अर्थ आहे. जायबंदी मल्लाला आपण जो नारळ देतो, तो प्रत्यक्षात त्या दुसऱ्या अर्थाचा असतो.

पुढे त्या मुलाचे काय झाले, हे समितीच्या वहीत कोठेही नोंदलेले नसते. पण तालमीत जाऊन विचारावे, म्हणजे कळते. आठ दिवस पाय गरम पाण्याने शेकला; तेल लावून चोळला; कोणी सांगितले म्हणून लेप लावला. सूज उतरली. दीड-दोन महिन्यांनी पुढच्या गावची जत्रा आली, हँडबिलावर नाव छापून आले, आणि पोरगा वेदनाशामक गोळी घेऊन, गुडघ्याला पट्टी आवळून पुन्हा मातीत उतरला. तो मूर्ख आहे म्हणून उतरला असे समजू नये. मल्लाचा खुराक महागडा असतो. दूध, तूप, बदाम यांचे बिल दुखापतीमुळे थांबत नाही. बहुतेक मल्ल शेतकऱ्यांची, मजुरांची मुले. जत्रांचे इनाम हेच त्यांचे वर्षाचे उत्पन्न. ज्याने हंगाम गमावला त्याने खुराक गमावला, आणि ज्याने खुराक गमावला त्याची कुस्ती संपली. अशा स्थितीत ‘नीट बरा होऊन ये’ हा उपदेश करणे सोपे आहे. तो ऐकण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही. ती ऐपत ज्यांच्यापाशी आहे, म्हणजे जे मैदान भरवतात, वर्गणी गोळा करतात, चांदीची गदा घडवून घेतात, त्यांनी तर आधीच छापून ठेवले आहे की आम्ही जबाबदार नाही.

येथे थोडे शरीरशास्त्र सांगणे अवश्य आहे. या साऱ्या अनर्थाचे मूळ एका भाबड्या समजुतीत आहे. ती समजूत अशी, की दुखणे थांबले म्हणजे माणूस बरा झाला.

गुडघ्याच्या पोटात दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. त्यांतला पुढचा तुटला की खेळाडूंच्या भाषेत ‘एसीएल गेला’. धावता धावता एकदम थांबताना, अंग वळवताना, उडीवरून खाली येताना नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे निसटू न देणे, हे त्याचे मुख्य काम. सरळ रस्त्याने चालण्याला त्याची फारशी गरज लागत नाही, आणि फसगत होते ती नेमकी येथे. सूज काही आठवड्यांत उतरते. मुलगा चालतो, सायकल मारतो, देवळाच्या पायऱ्या चढतो. घरची माणसे म्हणतात, देवाने राखले. पण चालणारा गुडघा आणि झुंजणारा गुडघा यांत फार अंतर आहे. दुखापतीनंतर मांडीच्या पुढल्या स्नायूला मेंदूकडून जाणारी आज्ञाच मंदावते. स्नायू झपाट्याने वाळतो. पाय कोठे, कसा टेकला आहे याची सांध्याची जाण बोथट होते. यांपैकी कशाचीही वेदना होत नाही, म्हणून कोणाला काही कळत नाही. कळते ते दुसऱ्यांदा पडल्यावर. आणि दुसऱ्या वेळी बहुधा गुडघ्यातील कूर्चेची गादीही फाटलेली असते.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा निर्णय तज्ज्ञाचा. काहींचे तिच्यावाचूनही चालते. परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व झाले, असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची दोरी काढून बसवतात. ते एक कलम आहे. आमच्याकडे मानकुरादाचे कलम लावणारा कुळागरातला माणूस पहिली एक-दोन वर्षे आलेला मोहर स्वतःच्या हाताने खुडून टाकतो; झाड फळ धरायला निघाले म्हणून ते धरू देत नाही. गुडघ्यातले कलमही पहिले काही आठवडे आतून उलट अधिक दुबळे होते, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि त्याचा खरा अस्थिबंध व्हायला कित्येक महिने लोटतात. झाडाच्या बाबतीत जो विवेक आपण दाखवतो तो पोटच्या पोराच्या बाबतीत का दाखवू नये?

हा माझ्या मनाचा तर्क नव्हे. अमेरिका व नॉर्वे येथील संशोधकांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंचा दोन वर्षे पाठपुरावा करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळात परतण्यास केलेल्या प्रत्येक महिन्याच्या विलंबागणिक, नवव्या महिन्यापर्यंत, पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटत गेले. दुसरा निष्कर्ष याहूनही बोलका आहे. मांडीचे बळ आणि एका पायावरच्या उड्या यांची ठरावीक चाचणी न उतरताच जे खेळायला गेले, त्यांच्यांत शेकडा ३८ जणांचा गुडघा पुन्हा दुखावला. जे चाचणी उतरून गेले, त्यांच्यांत शेकडा सहासुद्धा नाही. म्हणजे नुसते दिवस मोजूनही भागत नाही. नऊ महिने खाटेवर पडून राहणारा आणि नऊ महिने भौतिकोपचाराच्या शिस्तीत घाम गाळणारा यांचे पंचांग एकच असले, तरी गुडघे निराळे असतात.

ती शिस्त तरी काय आहे? आधी सूज घालवणे आणि गुडघा पुरता सरळ करणे. मग मांडीच्या स्नायूला जागे करणे. अर्ध्या वाकाच्या बैठका, एका पायावर तोल, पायरीवरून हळू उतरणे. मग वजन. मग सरळ धाव, मग उडी, मग वळण. दुखऱ्या पायाचे बळ चांगल्या पायाच्या निदान नऊ-दशांशापर्यंत आले म्हणजे तालमीत हलकी खडाखडी, मग पूर्ण जोराचा सराव, आणि सर्वांत शेवटी मैदान. प्रत्येक पायरीवर सूज येते का, दुखते का, हे पाहायचे. आले तर एक पायरी मागे. याला ‘फिजिओथेरपी’ असे इंग्रजी नाव आहे म्हणून ती पाश्चात्त्यांची चैन वाटते. आणि ‘आमच्या बापजाद्यांना कुठे होते फिजिओ?’ असा प्रश्न मिशीवर ताव देऊन विचारला जातो.

बापजाद्यांचे नाव काढले आहे, तर त्यांच्याकडेच जाऊ. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेचा अध्याय ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा प्रश्न विचारण्याचे धैर्य होणार नाही. हात मोडून सांधलेल्या रोग्यासाठी आचार्य सांगतात की, त्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा धरावा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. माती, मीठ, दगड! चढत्या भाराने बळ परत आणण्याचे जे तत्त्व आजचा भौतिकोपचारक वजनांच्या चकत्या मोजून पाळतो, ते येथे एका ओळीत आले आहे. सांधा दृढ होण्याला तरुणपणी एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा हिशेबही त्याच अध्यायात दिलेला आहे. व्यायाम अर्ध्या बळाने करावा, हेही सुश्रुतांचेच सांगणे. परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी परंपरा एकदा वाचूनही पाहावी, एवढीच नम्र सूचना.

आणि तालमीतला देव कोण? कोणत्याही तालमीत जा, शेंदूर लावलेला मारुती समोर असतो. एका हातात गदा, दुसऱ्या हातावर पर्वत, ही मूर्ती आपण लहानपणापासून पाहत आलो. तो पर्वत मारुतीने कोणाशी पैज मारून उचललेला नाही. रणात पडलेल्या एका योद्ध्यासाठी औषध आणायला तो गेला होता. सुषेण वैद्याने कोणती वनस्पती हवी ते सांगितले म्हणून गेला होता. महाबली मारुतीला वैद्याला विचारण्यात कमीपणा वाटला नाही. त्याच्या मूर्तीसमोर दंड-बैठका मारणाऱ्या आमच्या तालमींना मात्र फिजिओच्या दारात जाणे म्हणजे नाजूकपणाचे लक्षण वाटते. लक्ष्मण एका रात्रीत उठला खरा. पण ती वनस्पती आज आपल्याजवळ नाही, आणि जे आहे त्याला नऊ महिने लागतात.

जुन्या वस्तादांविषयी अनादराने बोलण्याचा माझा हेतू नाही. किंबहुना माझी तक्रार अशी आहे की, त्यांचा वारसा आपण अर्धाच उचलला. वडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हे मल्लविद्येइतकेच हाड बसवण्याच्या विद्येसाठीही ख्यात होते. अंग कमावून देणारा आणि मोडलेले अंग सांधणारा हात तेथे एकच होता. शिष्याला घडवण्याची जबाबदारी आणि त्याला पुन्हा उभे करण्याची जबाबदारी यांत त्या पिढीने फारकत केली नव्हती. आजचा वस्ताद शस्त्रक्रिया करणार नाही, क्ष-किरण चित्र वाचणार नाही. त्याने तसे करावे अशी अपेक्षाही नाही. पण आपला पठ्ठा कोणत्या पायावर भार टाकायला कचरतो, हे त्याच्या इतके दुसऱ्या कोणाला दिसत नाही. ती नजर आणि भौतिकोपचारकाचे शास्त्र एकत्र आले तर केवढे काम होईल!

मात्र मालिशवाल्यांच्या हातून होणारे एक नुकसान स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये मांडीवर जोराचा मार बसला की आत रक्त साखळते. अशा ताज्या मारावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेल लावून जोराने रगडले, तर साखळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूच्या पोटात चक्क हाड धरू शकते, आणि महिनोन्‌महिने गुडघा वाकत नाही. प्रेमाने चोळणाऱ्या हातांनी असे पाय अधू केले आहेत. मालिशला तिची जागा आहे, काळही आहे. तो काळ मार लागल्याच्या दुसऱ्या दिवशीचा नव्हे.

आता ‘मर्दानी खेळात लागायचेच’ या महावाक्याकडे वळू. लागायचेच, हे खरे. पण या वाक्याचा उपयोग लागलेल्याला दिलासा देण्यासाठी होत नाही. त्याला पुन्हा ढकलण्यासाठी होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली बजरंग पुनिया दुखऱ्या गुडघ्याने लढला, कांस्यपदकाच्या कुस्तीला तर गुडघ्याची पट्टी काढून उतरला, आणि जिंकला. त्याच्या धैर्याला कोण नमस्कार करणार नाही? पण चार वर्षांतून एकदा येणारी, उभ्या आयुष्याची ती एक घटका, तज्ज्ञांचा ताफा जवळ असताना, एका परिपक्व मल्लाने स्वतः केलेली निवड होती. गावोगावच्या फडांत हे उदाहरण एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडावर मारले जाते, आणि तेही कशासाठी, तर पाच हजारांच्या जोडीसाठी.

उदाहरणच हवे, तर विनेश फोगाटचे घ्यावे. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये उपान्त्यपूर्व कुस्तीत तिचा गुडघा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. ती नऊ महिन्यांनी, २०१७ च्या मे महिन्यात, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत परतली आणि रौप्यपदक घेऊन गेली. २०१८ साली जकार्त्याच्या आशियाई खेळांत तिने सुवर्णपदक मिळवले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती आशियाई खेळांना मुकली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तिने जपानच्या युइ सुसाकी या तोवर परदेशी मल्लाकडून कधीही न हरलेल्या विजेतीला हरवून अंतिम फेरी गाठली. शंभर ग्रॅम वजनाने तिचे पदक हुकले, तो भाग वेगळा. गुडघ्याने तिला दगा दिला नाही. भालाफेकीतील नीरज चोप्राचा दाखलाही असाच. २०१९ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्याने त्या वर्षीची जागतिक स्पर्धा सोडून दिली, आणि २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक फेकून आणले. सोडून देणे हाही पराक्रमाचाच भाग आहे, हे आमच्या ध्वनिक्षेपकांवरून कधी ऐकू येत नाही.

विनेशचे नाव घेतले त्याला आणखी एक कारण आहे. वळण-उडीच्या खेळांत या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा मुलींना अधिक होते, हे आता सर्वमान्य आहे. आणि आता आपल्या गावांतल्या मुली कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती सारे खेळतात. मुलगा जायबंदी झाला तर त्याला लवकर परत ढकलतात. मुलगी जायबंदी झाली तर तिला परतच येऊ देत नाहीत. ‘पुरे झाले खेळणे, पायावर व्रण राहिला तर उद्या स्थळे कशी यायची?’ म्हणून बूट माळ्यावर जातात. दोघांवरही अन्यायच; फक्त त्यांच्या दिशा वेगळ्या. तिच्यापुढे ‘अमुक महिन्यांनी, अमुक चाचणी उतरल्यावर तू खेळशील’ अशी लेखी, मोजता येणारी वाट कोणी मांडली, तर घरच्यांशी बोलायला तिच्या हाती काहीतरी राहील.

देवस्थानचा पैसा धर्मकार्यासाठी आहे, फिजिओची बिले भरण्यासाठी नव्हे, असा आक्षेप काही महाजन मंडळींकडून निश्चित येईल. त्यांना माझा प्रतिप्रश्न असा : मग तो मैदानासाठी तरी कसा वापरता? मल्लाच्या अंगमेहनतीने जत्रेला रंग चढतो, देवाच्या नावाचा पुकारा होतो, लांबलांबचे लोक येतात, हे जर देवाचे कार्य असेल, तर त्या कार्यात मोडलेला पाय देवाच्या दारी मोडलेला आहे. उत्सवातील स्वयंपाक्याचा हात भाजला तर आपण ‘समिती जबाबदार नाही’ म्हणू काय? पालखीच्या भोयाचा पाय मुरगळला तर त्याला नारळ देऊन वाटेला लावू काय? खर्चाची भीतीही अवास्तव आहे. शस्त्रक्रियेचा खर्च मोठा असतो हे मान्य. पण भौतिकोपचाराचे बहुतेक काम एक पायरी, एक वाळूची पिशवी, एक दोरी आणि तालमीतले मुद्गल यांवर होते. मार्ग आखून देणारा आणि दर पंधरवड्याला तपासणारा जाणकार मात्र हवा. पोलिओच्या साथींच्या काळात, १९५० च्या दशकात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विद्येचे रीतसर शिक्षण सुरू झाले, तेव्हा असे जाणकार दुर्मीळ होते. आज बेळगावात या विषयाची महाविद्यालये आहेत, आणि गोव्यातील लहान शहरांतूनही भौतिकोपचारक सापडतात. चांदीच्या गदेचे वजन थोडे कमी केले, तर एका मुलाचे नऊ महिन्यांचे उपचार त्यातून निघतील.

श्रद्धेविषयीही एक शब्द. आमच्याकडे मुलाने खेळावे की नाही, यासाठीसुद्धा देवाला कौल लावणारी माणसे आहेत. त्यांची थट्टा मी करणार नाही. संकटात माणूस देवाकडेच जातो. पण देवाला विचारायचा प्रश्न नीट विचारावा. मन खचले आहे, धीर दे, असे मागावे. मांडीचे बळ नऊ-दशांश झाले का, हा प्रश्न फुलाच्या पाकळीला विचारणे म्हणजे देवाला नसत्या पेचात टाकणे होय. त्याचे उत्तर एका पायावर उडी मारून पाच मिनिटांत मिळते. कोंकणीत आपण आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. फार सुंदर शब्द आहेत. मात्र जायबंदी मल्लाला निरोप देताना जेव्हा समिती हेच शब्द उच्चारते, तेव्हा बरे करण्याचे सारे काम तिने देवावर सोपवलेले असते.

डोक्याच्या माराचा उल्लेख केल्यावाचून हा विषय सोडता येत नाही, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. चढाईत डोक्यावर डोके आपटले, मुलगा क्षणभर भांबावला, त्याला ओकारी आली किंवा तो स्कोअर विसरला, तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात पाऊल टाकता कामा नये. येथे ‘बरे वाटते’ या शब्दांना काडीची किंमत नाही. पुढेही एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीला निदान चोवीस तास देत, वैद्याच्या संमतीनेच त्याने परतावे, असा जगभरचा दंडक आहे. आपल्या सामन्यांत काय होते? तोंडावर पाणी, पाठीवर थाप, आणि पुन्हा चढाई.

तर हँडबिलावरील ते वाक्य काढून टाकावे. त्याच्या जागी छापावे की, या मैदानात जायबंदी होणाऱ्या खेळाडूच्या पुनरागमनाचा खर्च समिती आपल्या इनाम-निधीतून उचलील. आणि जो खेळाडू दुखापतीमुळे वेळेवर कळवून माघार घेईल, त्याच्या जोडीचे अर्धे मानधन त्याला मिळेल. या दुसऱ्या कलमावर माझा विशेष भर आहे. माघारीत पैसा आणि मान दोन्ही बुडत असल्यामुळेच पोरे दुखणे लपवतात, वस्तादही लपवतात. माघार घेणाऱ्याला मैदानात बोलावून, फेटा बांधून, त्याचे नाव पुकारावे. आखाड्याच्या कडेला एक भौतिकोपचारक बसवावा आणि ‘हा आज उतरणार नाही’ हा त्याचा शब्द अध्यक्षांच्याही वर असावा. देणगीदाराने कितीही आग्रह केला तरी.

राहता राहिली एक अडचण, आणि ती खरी आहे. आपल्या भागातल्या जत्रा एकामागून एक येतात, आणि मल्ल एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. एका समितीने मुलाला थांबवले, तर आठ दिवसांनी शेजारच्या गावाने त्यालाच हँडबिलावर चढवले, असेच होणार. म्हणून हे एकट्या देवस्थानाचे काम नव्हे. पंचक्रोशीतल्या मैदानांनी मिळून एक वही ठेवावी. कोण केव्हा दुखावला, कोणी त्याला तपासले, कोणत्या चाचणीनंतर त्याला मोकळीक मिळाली, एवढेच तिच्यात लिहावे, आणि त्या नोंदीवाचून जायबंदी झालेल्याची जोडी कोणीही लावू नये. पावसाळ्यात मैदाने बंद असतात, समित्यांना सवड असते. बैठक तेव्हाच व्हावी. आणि ती कोणत्या देवळाच्या सभामंडपात भरवायची, या वादात निदान या वेळी तरी पावसाळा घालवू नये.